नेट बंद करणारी सही कोणाची?

सरकारला इंटरनेट बंद करता येतं का, या प्रश्नाचं उत्तर भारतात केव्हाच मिळालेलं आहे. येतं. त्यासाठी कायदा आहे, नियम आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्यही केलेला आहे. तरी टीव्हीवरची चर्चा अजून तिथेच अडकते. एक बाजू देशाची सुरक्षा म्हणते, दुसरी अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणते, आणि दोघांचा आवाज चढला की जाहिराती लागतात. ज्यांना हे आदेश रोज हाताळावे लागतात, म्हणजे वकील, टेलिकॉम कंपन्यांचे नोडल अधिकारी (सरकारी आदेश हाताळायला नेमलेली माणसं), मंत्रालयातली माणसं, त्यांचं भांडण वेगळ्याच गोष्टींवर चालतं. सही कोणाची आहे? कारण लिहिलंय का? ज्याचं नेट गेलं किंवा ज्याची पोस्ट उडाली, त्याला तो कागद बघायला मिळतो का? आणि सही करणाऱ्याला जाब विचारणारा कोण?

सरकारकडे आज तीन वाटा आहेत. पहिलीने अख्ख्या जिल्ह्याचं नेट बंद होतं. दुसरीने ठराविक वेबसाइट, अकाउंट किंवा पोस्ट ब्लॉक होते. तिसरीने कंपनीला ‘काढून टाका’ अशी नोटीस जाते. तिन्ही वाटांचा कायदा वेगळा, सही करणारा वेगळा. टोल बसला की गाड्या आतल्या रस्त्याने जायला लागतात, हे आपल्याला नवीन नाही. इथेही तसंच झालंय. पहिल्या दोन वाटांवर न्यायालयांनी नाके बसवले आणि वर्दळ तिसरीकडे वळली. ते कसं, हे कळण्यासाठी तिन्ही वाटा एकदा चालून पाहायला हव्यात.

पहिली वाट: अख्खा जिल्हा बंद

२०१७पर्यंत नेटबंदीसाठी स्वतंत्र नियमच नव्हते. जिल्हाधिकारी कलम १४४ लावायचे, म्हणजे जमावबंदीचंच कलम, आणि डेटा बंद व्हायचा. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने १८८५च्या तार कायद्याखाली नियम केले आणि सही जिल्ह्यातून मंत्रालयात गेली. आता तार कायद्याच्या जागी २०२३चा दूरसंचार कायदा आणि नोव्हेंबर २०२४चे नियम आले आहेत. नाव बदललं, सांगाडा तोच राहिला.

आदेश काढायचा अधिकार केंद्रात गृहसचिवांना, राज्यात गृह विभागाच्या प्रमुख सचिवाला. महाराष्ट्रात म्हणजे अपर मुख्य सचिव (गृह). अगदीच अडचण असली तर सहसचिव किंवा वरच्या दर्जाचा, आधीच अधिकार दिलेला अधिकारी सही करू शकतो. पण २४ तासांत वरच्याने ती कायम केली नाही, तर आदेश आपोआप संपतो. कारणं दोनच चालतात: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त १५ दिवस. ही मर्यादासुद्धा नोव्हेंबर २०२०मध्ये आली, त्याआधी कसलीच नव्हती. नंतर पाच दिवसांच्या आत आढावा समितीने बसून आदेश कायद्यात बसतो का ते पाहायचं.

ही समिती म्हणजे मुख्य सचिव, विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून आणखी एका विभागाचे सचिव. मेख इथे आहे. सही सचिवाची, तपासणारेही सचिव, आणि सगळे एकाच मजल्यावर चहा पिणारे. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१च्या अहवालात या समितीत निवृत्त न्यायाधीश आणि सरकारबाहेरची माणसं घ्यावीत असं सुचवलं होतं. २०२४चे नियम आले, रचना होती तशीच राहिली. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदली गेली, ती जास्त बोलकी आहे: देशात किती वेळा आणि कुठे नेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवत होता, ना गृह मंत्रालय. मोजमापच नसेल तर बंदीचा उपयोग होतो की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार?

या वाटेवरचा मोठा नाका बसला तो काश्मीरमुळे. ऑगस्ट २०१९मध्ये तिथलं सगळं संपर्कजाळं बंद झालं. ‘काश्मीर टाइम्स’च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणीत सरकारला आदेश दाखवायला सांगितले गेले, तेव्हा सगळे आदेश समोर आले नाहीत. १० जानेवारी २०२०च्या निकालाने त्या बंदीचा आदेश थेट रद्द केला नाही, पण चौकट घालून दिली. बेमुदत बंदी चालणार नाही. आदेश प्रसिद्ध करावा लागेल, म्हणजे बाधित माणूस त्याला आव्हान देऊ शकेल. उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा. इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं या दोन्हींना घटनेच्या १९व्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे. निकालानंतर पंधरा दिवसांनी काश्मीरमध्ये टूजी सुरू झालं, तेही फक्त ३०१ मंजूर वेबसाइटपुरतं. फोरजी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडली. निकाल आणि जमिनीवरची अंमलबजावणी यांत किती अंतर पडतं, ते यावरून कळावं.

बंद करतात म्हणजे नेमकं काय करतात

मंत्रालयात कुणी कळ दाबली आणि जिल्हा अंधारात गेला, असं नसतं. कंपनीच्या नेटवर्क केंद्रात प्रत्येक टॉवरवरच्या सेलची यादी असते आणि तो कोणत्या भागात येतो याची नोंद असते. आदेशातलं क्षेत्र त्या यादीवर बसवतात आणि तेवढ्या सेलवरून इंटरनेटची जोडणी नाकारतात. पूर्वी टूजी ठेवून थ्रीजी-फोरजी बंद करणं सोपं होतं. आता बरेचसे कॉल फोरजीवरूनच जातात, आणि जिओकडे तर टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. फोरजी बंद केलं तर साधा फोनही लागणार नाही. म्हणून लहरी चालू ठेवतात आणि फक्त इंटरनेटकडे जाणारा मार्ग तोडतात. आवाजाचा मार्ग वेगळा असतो, तो राहू देतात. त्यामुळे फोनवर काड्या पूर्ण भरलेल्या दिसतात, कॉल लागतो, आणि माणूस बिचारा फोन बंद-चालू करत बसतो.

लहरींना तालुक्याची शीव कळत नाही. शिवेवरच्या गावाला शेजारच्या जिल्ह्याचा टॉवर मिळाला तर बंदीतही व्हिडिओ चालतात. उलट, बंदी नसलेल्या गावाचा एकुलता एक टॉवर यादीत आला तर तिथलं नेट फुकट जातं. कस्टमर केअर सांगतं ‘सरकारी आदेश’, आणि गावात कुणाकडे आदेशाची प्रत नसते.

बहुतेक आदेश फक्त मोबाइल डेटाचे असतात, घरोघरचं फायबर सुरू राहतं. त्यामुळे बंदी कोणावर पडते, हे आधीच ठरलेलं असतं. बंगल्यातल्या वाय-फायवर काही फरक पडत नाही. भाजीवाला, रिक्षावाला, सिमवर जगणारा पोरगा बंद. २०२३मध्ये मणिपूरने याच्याही पुढची पायरी पाहिली. ३ मे रोजी मोबाइल इंटरनेट बंद झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंदच राहिलं. जुलैच्या शेवटी ब्रॉडबँड परत दिलं, ते अटींवर: स्थिर आयपी पत्ता, वाय-फाय हॉटस्पॉट नाही, समाजमाध्यमं नाहीत, व्हीपीएन नाही. घरातल्या राउटरचा वाय-फाय बंद करून कॉम्प्युटरला केबल लावायची, असा त्याचा साधा अर्थ.

दुकानाच्या गल्ल्यावर काय होतं ते जरा जवळून पाहू. क्यूआर कोड स्कॅन होतो, पण ग्राहकाच्या फोनला डेटा नाही, म्हणून पैसे निघतच नाहीत. दुकानातलं ‘रुपये प्राप्त झाले’ बोलणारं डबडंसुद्धा आत बसवलेल्या सिमवर चालतं, तेही मुकं. स्वाइप मशीन सिमवरचं असेल तर फिरत राहतं, फायबरवरचं असेल तर चालतं. ओटीपीचा एसएमएस बरोबर येतो, पण तो जिथे टाकायचा ते पानच उघडत नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉसला बोटाचा ठसा पडताळायला जोडणी लागते. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी अॅपमधून जाते. उरतं एटीएम, आणि दुपारपर्यंत तिथली रोकड संपते. *९९# हा डेटाशिवाय चालणारा यूपीआयचा मार्ग आहे. मर्यादा एका व्यवहाराला ५,००० रुपये. पण तो सगळ्या नेटवर्कवर चालत नाही, तेव्हा नेट सुरू असतानाच एकदा करून पाहिलेला बरा.

मग बंदीचा उपयोग होतो का? सरकारची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे खोटे व्हिडिओ त्याआधी कित्येक दिवस फोनाफोनांवर फिरत होते. हे पाहिलेल्या पोलीस अधिकाऱ्याला ‘आधी डेटा बंद करा’ असं वाटलं तर त्यात नवल नाही. जून २०२३मध्ये कोल्हापुरात आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव झाला, तेव्हा तेच केलं गेलं.

पण राईनपाड्याचीच घटना नीट पाहिली तर अडचण कळते. विष आधी आठवडाभर भिनलं होतं. बंदी नेहमी घटनेनंतर येते, आणि तोवर व्हिडिओ गॅलरीत उतरलेला असतो. तो दाखवायला नेट लागत नाही. ‘ही अफवा आहे’ हे सांगणारा पोलिसांचा संदेश मात्र त्याच बंद नळातून यायचा असतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अशी मर्यादा आपल्याला नवी नव्हती. ऑगस्ट २०१२मध्ये ईशान्य भारतातली मुलं अफवांमुळे बंगळूर, पुणे सोडून गाड्या भरभरून निघाली, तेव्हा सरकारने पंधरा दिवसांसाठी घाऊक एसएमएसवर बंदी घातली आणि सुरुवातीला पाचच एसएमएसची मर्यादा ठेवली. फोन चालू राहिला, फक्त घाऊक प्रसार अडला. ‘प्रमाणात उपाय’ म्हणतात तो असा. अख्खा जिल्हा बंद करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

परीक्षेसाठी नेटबंदी हा तर या वाटेवरचा सर्वांत कच्चा प्रकार. राजस्थानात सप्टेंबर २०२१मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी अनेक जिल्हे बंद केले गेले. कॉपी हा गुन्हा आहे, पण तो सार्वजनिक आणीबाणी कसा? मार्च २०२२मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने दहावीच्या परीक्षेच्या वेळच्या अशाच बंदीला स्थगिती दिली होती. राज्यं तरीही अधूनमधून हा मार्ग धरतातच.

दुसरी वाट: एकच पोस्ट, एकच साइट

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ २००९मध्ये लागू झालं, सोबत ब्लॉकिंगचे नियमही आले. इथे कारणांची यादी बंदिस्त आहे: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. बदनामी या यादीत नाही. अश्लीलता नाही. ‘खोटी बातमी’ही नाही. यादीतली ही पोकळी लक्षात ठेवा, तिसरी वाट तिच्यातूनच फुटते.

मागणी राज्य सरकारच्या किंवा एखाद्या मंत्रालयाच्या नोडल अधिकाऱ्याकडून केंद्राच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे जाते. त्याच्या अध्यक्षतेखाली विधी, गृह, माहिती-प्रसारण आणि सर्ट-इन (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) यांच्या प्रतिनिधींची समिती बसते. ज्याचा मजकूर आहे त्याला किंवा कंपनीला किमान ४८ तास देऊन म्हणणं मांडायला सांगायचं, मग माहिती तंत्रज्ञान सचिवांची मंजुरी, मग आदेश. तातडी असेल तर आधी ब्लॉक करायचं आणि ४८ तासांत समितीपुढे ठेवायचं. आदेश न पाळणाऱ्या कंपनीच्या माणसांना सात वर्षांपर्यंत कैद.

कागदावर हे बरं दिसतं. २४ मार्च २०१५च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ६९-अ टिकवलं, ते याच खबरदाऱ्यांकडे बोट दाखवून. तो निकाल लोकांना आठवतो तो ६६-अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द झाल्यामुळे, आणि त्या लढ्याची ठिणगी आपल्या पालघरची. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. कलम रद्द झाल्यावरही अनेक ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवणं सुरूच होतं. ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाला ‘या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका’ असं पुन्हा बजावावं लागलं.

६९-अचं दुखणं नियम १६मध्ये आहे. तक्रार, आदेश, कारवाई, सगळं काटेकोरपणे गुप्त ठेवायचं. आणि नोटीस ‘व्यक्तीला किंवा मध्यस्थाला’ द्यायची असल्यामुळे ती बहुधा कंपनीला जाते, लिहिणाऱ्याला नाही. न्यायालय म्हणतं, आदेशात कारणं लिहिलेली असतात, तेव्हा उच्च न्यायालयात दाद मागा. दाद मागायची तर आदेश हवा, आणि आदेश गुप्त. हुंड्याची टिंगल करणारी ‘डावरी कॅल्क्युलेटर’ नावाची एक साइट २०१८मध्ये ब्लॉक झाली. आदेशाची प्रत निर्मात्याला द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं ते मे २०२२मध्ये. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच गुप्ततेच्या नियमांवरच्या याचिकेत केंद्राला नोटीस काढली. लिहिणारा माणूस सापडण्यासारखा असेल तर त्याला नोटीस गेली पाहिजे, असा खंडपीठाचा सूर होता.

सरकारचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. आदेश जाहीर केला तर ज्या मजकुराला दाबायचं त्याचीच जाहिरात होते. दहशतवादी गटाच्या हँडलला ४८ तासांची नोटीस कोण देणार? आणि परदेशी कंपनी स्वतःच्या मर्जीने रोज लाखो पोस्ट काढते, तिला कुणी काही विचारत नाही, मग निवडून आलेल्या सरकारलाच का? शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच, की दोघांनाही विचारायला हवं.

संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार ६९-अखाली २०१८मध्ये २,७९९, २०१९मध्ये ३,६३५ आणि २०२०मध्ये ९,८४९ दुवे ब्लॉक झाले. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉकसह ५९ चिनी अॅप गेली तीही याच कलमाखाली, पण अॅपचा हिशेब वेगळा.

ब्लॉक करतात कसं, हे कळलं की चुका कुठे होतात तेही कळतं. तुम्ही साइटचं नाव टाइप करता, तेव्हा तुमचा फोन आधी सेवा कंपनीच्या डीएनएसला, म्हणजे नेटच्या टेलिफोन डिरेक्टरीला, त्या नावाचा पत्ता विचारतो. ब्लॉक करायचा पहिला प्रकार म्हणजे डिरेक्टरीने चुकीचा पत्ता द्यायचा किंवा ‘असं कुणी नाही’ म्हणायचं. दुसरा प्रकार म्हणजे जोडणी सुरू होताना पहिल्या निरोपात साइटचं नाव उघडं जातं, ते वाचून जोडणी तोडायची. त्यानंतरचा सगळा मजकूर कुलूपबंद असतो. सेवा कंपनीला तुम्ही कुठल्या घरी गेलात ते कळतं, कुठल्या खोलीत गेलात ते नाही. म्हणून एका लेखावर आदेश असला तरी कंपनीला बंद करता येते ती पूर्ण साइटच. डिसेंबर २०१४मध्ये काही मजकुरासाठी ३२ पत्त्यांची यादी निघाली, त्यात प्रोग्रामरांचं गिटहब आणि व्हिमिओसुद्धा होते. फेब्रुवारी २०२५मध्ये तामिळ ‘विकटन’ची संपूर्ण वेबसाइट एका व्यंगचित्रापायी गेली. मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये, व्यंगचित्र तूर्त उतरवण्याच्या अटीवर, ती उघडायला सांगितली.

तुमची एखादी साइट उघडत नसेल तर ती ब्लॉकच आहे असं लगेच धरू नका. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून पाहा. आदेश सगळ्यांना एकच असला तरी अंमल प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते, त्यामुळे एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू असं सर्रास दिसतं. सरकारी आदेशाचा उल्लेख असलेलं पान आलं तर प्रश्नच नाही. ‘सर्व्हर सापडत नाही’ आलं तर डीएनएस असू शकतो, पण डोमेनचं नूतनीकरण विसरलं तरी हेच दिसतं. जोडणी सुरू होताहोताच तुटली आणि दुसऱ्या कंपनीवर ती टिकली, तर संशयाला जागा आहे. समाजमाध्यमावरची एकच पोस्ट ‘भारतात उपलब्ध नाही’ असं दाखवत असेल, तर ते काम तुमच्या सेवा कंपनीचं नाही, त्या माध्यमानेच केलेलं आहे.

तिसरी वाट: नोटीस

आता माहिती तंत्रज्ञान कायद्याचंच कलम ७९. हे मुळात कंपन्यांच्या संरक्षणासाठी आहे. सोसायटीच्या फलकावर कुणी भलतंसलतं चिकटवलं तर सोसायटीच्या सेक्रेटरीला धरायचं नाही, असा त्याचा अर्थ. पण पोटकलम (३)(ब) म्हणतं, की सरकारने किंवा सरकारी यंत्रणेने बेकायदा मजकूर दाखवून दिल्यावरही तो काढला नाही, तर संरक्षण जातं. श्रेया सिंघल निकालाने ते आवळलं: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हवी, आणि मजकूर घटनेच्या १९(२)मधल्या, म्हणजे बोलण्यावर बंधन घालता येतं अशा, कारणांत बसणारा हवा.

फरक बघा. ६९-अमध्ये ठराविक कारणं, समिती, सुनावणी, सचिवांची सही. ७९मध्ये ‘बेकायदा’ एवढा एकच शब्द, समिती नाही, सुनावणी नाही. कायदेशीर भाषेत हा ब्लॉक करण्याचा अधिकारच नाही, नुसता इशारा आहे. पण संरक्षण गेलं की प्रत्येक पोस्टपायी कंपनीचा अधिकारी आरोपी होऊ शकतो. एका पोस्टसाठी कुठली कंपनी हा धोका पत्करेल? हा मोह जुना आहे. ३१ जुलै २०१५ला दूरसंचार विभागाने ८५७ अश्लील साइट बंद करायला सांगितल्या, त्या ७९(३)(ब)चाच आधार घेऊन. कारण सरळ होतं, ६९-अच्या यादीत अश्लीलता बसत नव्हती. गदारोळ झाल्यावर चार-पाच दिवसांत तो आदेश बराचसा मागे घेतला गेला.

ऑक्टोबर २०२४मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने ‘सहयोग’ पोर्टल सुरू केलं आणि या वाटेचा हमरस्ता झाला. केंद्रीय यंत्रणा आणि राज्यांचे पोलीस तिथून थेट कंपन्यांना नोटिसा पाठवू लागले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१च्या नियमांनुसार मजकूर काढायला ३६ तास होते, फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीने ही मुदत ३ तासांवर आणली. एक्स कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. हे मागच्या दाराने ६९-अ चुकवणं आहे, असा तिचा मुद्दा. २४ सप्टेंबर २०२५ला न्यायमूर्ती एम. नागप्रसन्ना यांनी याचिका फेटाळली आणि परदेशी कंपनीला १९व्या अनुच्छेदाचा आधार घेता येत नाही, असं म्हटलं. (याच न्यायालयाने २०२३मध्ये ६९-अच्या आदेशांविरुद्धची एक्सची, तेव्हाच्या ट्विटरची, याचिका ५० लाखांच्या दंडासह फेटाळली होती.) पण ज्याची पोस्ट जाते तो बहुधा भारतीय नागरिक असतो. तो न्यायालयात येणार कसा, त्याला तर नोटीस मिळतच नाही.

निकालानंतर महिन्याभरात सरकारने स्वतःच नियम थोडे आवळले. १५ नोव्हेंबर २०२५पासून अशी नोटीस सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यायची, पोलिसांत किमान उपमहानिरीक्षकाने. कायद्याचा आधार आणि नेमका दुवा लिहायचा, आणि सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने दरमहा आढावा घ्यायचा. म्हणजे सही वर सरकली. लिहिणाऱ्याला प्रत देण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने अडवलेला एक प्रयत्न इथेच सांगायला हवा. याच नियमांच्या एप्रिल २०२३च्या दुरुस्तीने केंद्राला एक तथ्यतपासणी कक्ष नेमता येणार होता. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे हा सरकारी कक्षच ठरवणार. विनोदवीर कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड वगैरे न्यायालयात गेले. जानेवारी २०२४मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि दुरुस्ती पडली. स्वतःबद्दलच्या बातमीचं खरं-खोटं स्वतःच ठरवायचं, हे फिर्यादीनेच निकालपत्र लिहिण्यासारखं होतं.

कागद मागायचा कसा

तुमच्या जिल्ह्यात नेट बंद झालं असेल तर आदेश आधी गृह विभागाच्या संकेतस्थळावर शोधा, तो प्रसिद्ध करणं आता नियमातच आहे. सही गृह विभागाची आहे की जिल्हाधिकाऱ्याची, हे पाहा. मुदत तारखेसह आणि तासांसह आहे का? क्षेत्र नेमकं लिहिलंय का? कारणाच्या जागी नियमाचं वाक्यच उतरवून काढलंय, की त्या दिवशीची परिस्थिती सांगितली आहे? जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचा, कलम १६३चा (जुनं १४४) नेटबंदी आदेश दिसला तर तो वकिलाला दाखवण्यासारखा आहे.

आदेश सापडला नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज गृह विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला, ऑनलाइन करता येतो, शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द बसतात, तेव्हा ‘नेट का बंद केलं’ असं विचारून शब्द वाया घालवू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागदाला मिळतं. आदेशाची प्रत मागा, आढावा समितीच्या बैठकीची तारीख आणि निष्कर्षाची प्रत मागा, आणि मुदतवाढ दिली असेल तर तिचा आदेश. कलम ८(१)(अ), म्हणजे सुरक्षेचं कारण, सांगून सगळंच नाकारलं तर तीस दिवसांत पहिलं अपील करा, शुल्क २० रुपये. अपिलात कलम १०चा आधार घ्या. गोपनीय भाग वगळून उरलेला कागद देता येतो, असं ते कलम सांगतं. समितीची चर्चा गुप्त राहिली तरी तिचे आदेश प्रसिद्ध व्हायला हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२४मध्ये सांगितलेलं आहे, तेही लिहा. उत्तर हाती आलं की सगळ्यात आधी दोन तारखा शेजारी ठेवून पाहा: आदेशाची आणि आढावा समितीच्या बैठकीची. मधले दिवस पाचाच्या आत आहेत का, आणि बैठक झाली तेव्हा नेट अजून बंद होतं का.